बोलता येणे आणि बोलणे समजणे

रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेकदा एकाहून अधिक तक्रारी असतात. त्यातली एक सांगून होते, तपासणी होते, औषध लिहून दिले जाते आणि उरलेल्या तक्रारी मनातच ठेवून तो घरी परततो. जॉन हेरिटेज, जेफ्री रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 डॉक्टर आणि 224 रुग्ण यांच्या भेटी तपासल्या गेल्या. पहिली तक्रार ऐकून झाल्यावर ‘आणखी काही सांगायचे आहे का’ अशा अर्थाचा प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा होता. काहींच्या इंग्रजी प्रश्नात ‘एनीथिंग’ हा शब्द होता, काहींच्या प्रश्नात ‘समथिंग’. बाकी वाक्य तेच. ‘एनीथिंग’ने फारसा फरक पडला नाही. ‘समथिंग’ वापरल्यावर मात्र तक्रार मनातच राहून जाण्याचे प्रमाण 78 टक्क्यांनी घटले, आणि त्यासाठी भेटीचा वेळही वाढला नाही. मराठीत ‘आणखी काही नाही ना?’ आणि ‘आणखीही काही असेल ना?’ या दोन प्रश्नांतला कल कोणाच्याही कानाला लगेच कळतो. इंग्रजीतल्या त्या दोन शब्दांतला फरक याहून पुष्कळ सूक्ष्म आहे. रोज हे प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांनाही तो जाणवलेला नव्हता.

हा फरक हाती लागला तो माणसांचे प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्यातला प्रत्येक शब्द, प्रत्येक थांबा आणि प्रत्येक अडखळणे तपासत बसणाऱ्या अभ्यासकांच्या एका परंपरेमुळे. वक्तृत्वाच्या शिबिरातून तो सापडला नसता आणि वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातूनही नाही. विद्यापीठात मानवी संज्ञापनाचा (कम्युनिकेशनचा) अभ्यास असावा की नसावा, हा वाद निघतो तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. माझे म्हणणे असे आहे, की या विषयाला विद्यापीठात स्वतंत्र आणि सन्मानाचे स्थान असायला हवे, त्याच्या केंद्रस्थानी माणसामाणसांतले साधे, रोजचे बोलणे असायला हवे, आणि ज्यांचा व्यवसाय बोलण्यावरच चालतो, त्या डॉक्टर, वकील, शिक्षक आणि अभियंता होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने या अभ्यासातून जायला हवे.

आज ‘संज्ञापन’ किंवा ‘संवाद’ हे शब्द अभ्यासक्रमांत दिसतच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. ते दिसतात, पण त्यांच्याखाली बहुतेक वेळा दोन वेगळ्याच गोष्टी शिकवल्या जातात. एक म्हणजे माध्यमांचे व्यवसाय: वृत्तलेखन, जाहिरात, जनसंपर्क, दूरचित्रवाणी. हे शिक्षण आवश्यक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाखोंना उद्देशून एकाच वेळी बोलणे हा मानवी संज्ञापनाचा एक विशेष प्रकार आहे, त्याचा पाया नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘संवादकौशल्य’ नावाची, बहुतेक शाखांना जोडलेली, दोन-तीन श्रेयांकांची तासिका. तीत हस्तांदोलन कसे करावे, नजरेला नजर कशी द्यावी, मुलाखतीत कसे बसावे, हे सांगितले जाते. कौशल्य शिकवू नये असे नाही. परंतु ज्या ज्ञानावर ते कौशल्य उभे असायला हवे, ते ज्ञानच तिथे नसते, आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागते.

त्याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. संवादातला केवळ 7 टक्के भाग शब्दांचा असतो, 38 टक्के आवाजाचा आणि 55 टक्के चेहऱ्याचा, ही आकडेवारी प्रशिक्षणवर्गांतून गेली कित्येक दशके अंतिम सत्य म्हणून सांगितली जाते. तिचे मूळ आल्बर्ट मेहराबियन यांनी 1967 मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या दोन छोट्या प्रयोगांत आहे. त्यांत श्रोत्यांना संपूर्ण संभाषण नव्हे, तर सुटे शब्द ऐकवले होते. एका प्रयोगात तर ‘कदाचित’ अशा अर्थाचा एकच शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढाच अंदाज करायला सांगितले होते. आपले समीकरण भावना आणि आवडनिवड यांच्याविषयीच्या बोलण्यापुरतेच आहे, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. ही मर्यादा वगळून आकडे तेवढे उरले. वास्तविक ते तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही. आपल्याला अजिबात न येणाऱ्या भाषेतले तासाभराचे व्याख्यान ऐकावे. त्यातला 93 टक्के आशय आपल्याला कळला का, हे स्वतःलाच विचारावे. हा प्रश्न विद्यार्थ्याला सुचत नाही, याचे कारण त्याला संवाद हा तपासण्याचा विषय म्हणून कोणी दाखवलेलाच नसतो.

वक्तृत्वाचा अभ्यास हा विद्येचा फार जुना भाग आहे. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत व्याकरण आणि तर्कशास्त्र यांच्या जोडीला वक्तृत्वशास्त्र शिकवले जात असे. पुढे लिखित साहित्याला महत्त्व आले आणि बोलणे मागे पडले. अमेरिकेत 1914 मध्ये 17 अध्यापक इंग्रजीच्या अध्यापकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी सार्वजनिक भाषणाच्या अध्यापकांची स्वतंत्र संघटना काढली. आजच्या तिथल्या राष्ट्रीय संज्ञापन संघटनेचे मूळ ते आहे. बोलण्याकडे साहित्याची दुय्यम शाखा म्हणून पाहू नये, हा त्यांचा आग्रह मला आजही रास्त वाटतो. मात्र नंतरच्या काळात या विषयावर दुसऱ्याच एका विचाराची छाप पडली, आणि ती अजून पुसली गेलेली नाही.

क्लॉड शॅनन यांचा संज्ञापनाच्या गणिती सिद्धान्ताचा शोधनिबंध 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. तारेतून किंवा रेडिओलहरींतून जाणारा संदेश गोंगाटात कमीत कमी हानी होऊन पलीकडे कसा पोचवावा, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नापुरता संदेशाचा अर्थ गैरलागू आहे, असे त्यांनी आरंभीच लिहून ठेवले होते, आणि अभियंता म्हणून ते पूर्णपणे योग्य होते. पण त्यांची आकृती समाजशास्त्रांनी उचलली: इकडे प्रेषक, तिकडे ग्राहक, मधे नळी, नळीत संदेश. आजही संज्ञापनाच्या पहिल्या धड्यात बहुधा हीच आकृती काढून दाखवतात आणि विद्यार्थी ती जन्मभर डोक्यात घेऊन फिरतो. मग गैरसमज झाला की तो म्हणतो, ‘मी तर स्पष्ट सांगितले होते.’ आपण वस्तू पाठवली, ती पलीकडच्याने नीट उचलली नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

अर्थ असा डबीत घालून पाठवता येत नाही, हे संस्कृत काव्यशास्त्राला हजार वर्षांपूर्वी माहीत होते. ‘सूर्य मावळला’ एवढेच वाक्य घेऊन मम्मटाने दाखवले आहे, की ते ऐकून कोणाला गुरे घरी न्यायची वेळ झाली असे कळेल, कोणाला काम थांबवावे असे, कोणाला संध्येला बसावे असे, तर कोणाला प्रियकराकडे निघावे असे. शब्द तेच, वाच्यार्थ तोच. पण कोण कोणाला कधी सांगतो, यावर त्यातून काय निघते ते ठरते. विसाव्या शतकात जे. एल. ऑस्टिन आणि पॉल ग्राइस या तत्त्वज्ञांनी वेगळ्या वाटेने याच प्रदेशात पाऊल टाकले. वाच्यार्थापलीकडचा अर्थ शास्त्राने तपासायचा असतो, हा विचार ज्या भाषांच्या परंपरेत आहे, त्या भाषांतल्या विद्यार्थ्यांना नळीची आकृती पहिल्या दिवशी शिकवावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या विषयाला खरी प्रयोगशाळा मिळाली ती ध्वनिमुद्रण यंत्रामुळे. हार्वी सॅक्स हे तरुण समाजशास्त्रज्ञ 1963-64 च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंधक केंद्रात आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास करत होते. फोन करणाऱ्याचे नाव मिळवणे ही केंद्राची अडचण होती. फोन उचलणारा आधी स्वतःचे नाव सांगत असे, म्हणजे पलीकडचाही ओघाने आपले नाव सांगत असे. एका संभाषणात मात्र पलीकडच्याने म्हटले, ‘मला ऐकू येत नाही.’ उचलणाऱ्याने नाव पुन्हा सांगितले, पलीकडच्याने ते उच्चारून पाहिले, आणि या सगळ्यात स्वतःचे नाव सांगण्याची जी जागा होती ती निघून गेली. नाव सांगायला नकार दिला गेला नाही, खोटे नाव सांगितले गेले नाही. फक्त ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरली गेली. संभाषणात अशा जागा असतात, त्यांना क्रम असतो आणि माणसे तो क्रम न शिकवता पाळतात किंवा चुकवतात, हे पाहण्याची दृष्टी सॅक्स यांनी दिली. त्यांनी इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्यासह 1974 मध्ये संभाषणातल्या पाळीच्या व्यवस्थेविषयी जो निबंध लिहिला, तो आज अनेक विद्याशाखांत वाचला जातो. पुढच्याच वर्षी सॅक्स यांचा अपघाती मृत्यू झाला.

त्यानंतरचे शोध मला विलक्षण सुंदर वाटतात. दहा भाषांची तुलना करणाऱ्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे उत्तर सुरू होईपर्यंतचा अवकाश सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास असतो. आता एखाद्या चित्रातली वस्तू ओळखून तिचे नाव उच्चारायलाच 600 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ उघड आहे: समोरचा बोलत असतानाच त्याचे वाक्य कुठे संपणार याचा अदमास घेऊन आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो. ऐकणे ही स्वस्थ बसून करायची गोष्ट नाही. शिवाय 12 भाषांच्या आणखी एका अभ्यासात असे आढळले, की साध्या गप्पांमध्येही सरासरी दर 1.4 मिनिटांनी कोणीतरी ‘काय म्हणालास?’, ‘कोण?’ असे विचारून बोलणे दुरुस्त करून घेते. मराठीत आपण ‘अँ?’ म्हणतो, परस्परांशी काही नाते नसलेल्या भाषांतही या कामासाठी असाच आखूड, प्रश्नार्थक उद्गार सापडतो. गैरसमज हा संवादातला अपवाद नाही. तो सतत होत असतो आणि सतत दुरुस्तही होत असतो, आणि ती दुरुस्ती दोघे मिळून करतात.

जिथे ही दुरुस्ती होऊ शकत नाही, तिथे काय घडते, याची नोंद विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मृत्युमुखी पडली. केएलएम या डच कंपनीच्या विमानातून आलेल्या ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाच्या वाक्यातून विमान धावू लागले आहे, हे नियंत्रकाला कळले नाही. त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून आलेला इशारा आणि नियंत्रकाची सूचना एकमेकांवर पडून ऐकू येईनाशी झाली. आणि कॉकपिटमध्ये, धावपट्टीवर दुसरे विमान अजून असावे अशी शंका फ्लाइट इंजिनियरला आली, तेव्हा त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारली. ज्येष्ठ कप्तानाने ठामपणे उत्तर दिले आणि तो विषय तिथेच संपला. या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द केवळ प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कनिष्ठाने शंका कशी मांडावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, हे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा भाग झाले. हा धडा शिकायला एवढी माणसे मरावी लागली. शस्त्रक्रियागृहात, कारखान्यात, न्यायालयात हीच कोंडी रोज होत असते, फक्त तिथे बोलणे मुद्रित होत नाही.

भाषा एक असूनही माणसे कशी दुरावतात, याचे जॉन गम्पर्झ यांनी नोंदवलेले उदाहरण सुप्रसिद्ध आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात नव्याने कामाला लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया उर्मट आहेत, असा सूर होता. ताटात मांस वाढल्यावर रस्सा हवा का, हे विचारताना त्या ‘ग्रेव्ही’ हा शब्द स्वर खाली आणून उच्चारत. ब्रिटिश कानांना तो प्रश्न न वाटता ‘हा घे रस्सा’ असे फर्मान वाटे. त्यांच्या सवयीप्रमाणे प्रश्नात स्वर वर जायला हवा होता. मुद्रणे ऐकवल्यावर दोन्ही बाजूंना फरक उमगला. त्याआधी कितीतरी दिवस एका समाजाने दुसऱ्याचा स्वभाव ठरवून टाकला होता, आणि त्या स्त्रियांना आपल्याविषयीची नाराजी वंशभेदातून येते असे वाटत होते. अशा ठिकाणी ‘हसतमुख राहा’ हा संवादकौशल्याचा सल्ला निरुपयोगी आहे.

या विषयावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. प्लेटोने वक्तृत्वाची तुलना पाककौशल्याशी केली: ते जिभेला रुचेल ते देते, शरीराला हितकर काय याचे ज्ञान त्याच्याजवळ नसते. मन वळवण्याची विद्या दुर्जनाच्या हाती पडली तर, ही भीती आजही खरी आहे. पण या भीतीचे उत्तर अज्ञान हे नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या 1974 च्या प्रयोगात अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना गाड्यांच्या वेगाविषयी प्रश्न विचारला. काहींना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा असे म्हणून, तर काहींना त्यांचा ‘चक्काचूर झाला’ तेव्हा अशा अर्थाचे क्रियापद वापरून. आठवड्याने, फुटलेली काच पाहिली का, असे विचारल्यावर पहिल्या गटातल्या 50 पैकी 7 जणांनी, तर दुसऱ्या गटातल्या 50 पैकी 16 जणांनी हो म्हटले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. हे ज्ञान ज्याला साक्षीदाराला फसवायचे आहे त्याच्या कामाचे आहे, हे खरे. पण उलटतपासणी ऐकणाऱ्या न्यायाधीशाला ते ठाऊक नसेल, तर साक्षीदाराचे रक्षण कोण करणार?

दुसरा आक्षेप असा, की या विषयाला स्वतःची पद्धत नाही. तो समाजशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र यांच्याकडून उसनवारी करतो. बर्नार्ड बेरेलसन यांनी 1959 मध्येच संज्ञापन संशोधन क्षीण होत चालल्याचे लिहिले होते. उसनवारी मला मान्य आहे, आणि ती मला दोष वाटत नाही. वर आलेली नावेच पाहावीत: समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ. प्रत्येकाला आपापल्या विभागात बोलण्याचा एकेक तुकडा मिळाला. हे तुकडे विद्यार्थ्यासमोर एकत्र ठेवणारी जागा नसेल, तर डॉक्टर होणाऱ्याला हेरिटेज कळणार नाहीत आणि वकील होणाऱ्याला लॉफ्टस. स्वतंत्र विभागाची गरज आहे ती यासाठी.

आणखी एक उणीव मात्र या विषयाने स्वतः कबूल करायला हवी. त्याचे पुष्कळसे सिद्धान्त इंग्रजी बोलणाऱ्या माणसांवरून बेतले गेले. बोलणारा आवश्यक तेवढी माहिती देतोच, हे ग्राइस यांचे गृहीत एलिनॉर ऑक्स यांनी मादागास्करमधल्या बोलण्याशी ताडून पाहिले, तेव्हा तिथे माहिती राखून ठेवणे हेच अनेकदा अपेक्षित वर्तन असल्याचे त्यांनी 1976 मध्ये दाखवले. कीथ बॅसो यांनी 1970 मध्ये वेस्टर्न अपाची समाजातल्या मौनावर लिहिले: समोरच्याशी असलेले नाते अनिश्चित असते तेव्हा तिथली माणसे गप्प राहतात, आणि बाहेरच्याला तो अबोला वाटतो. म्हणून ज्या भाषेत विद्यार्थी वाढला, तिच्यातले बोलणे हे त्याच्या अभ्यासाचे पहिले साहित्य असायला हवे. परक्या भाषेतली उदाहरणे पाठ करून स्वतःच्या घरातले ‘बघू’, ‘हो ना’ आणि ‘बरं’ कधीच उलगडणार नाहीत.

यंत्रे बोलू लागल्यापासून ही निकड वाढली आहे. जोसेफ वायझेनबाम यांनी 1966 मध्ये ‘एलायझा’ हा अगदी साधा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारत असे. तरीही त्याच्याशी बोलताना त्यांच्या सचिव स्त्रीने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. अर्थाचा केवढा वाटा ऐकणारा स्वतःच घालतो, हे यातून दिसते. आजची यंत्रे एलायझाहून कितीतरी सफाईने बोलतात, आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या तरुणांना हा वाटा ओळखायला कोणी शिकवलेले नाही.

मग वर्गात नेमके काय करावे? माझ्या मते पहिल्या सत्रात भाषण करायला लावूच नये. प्रत्येक विद्यार्थ्याने संबंधितांची लेखी संमती घेऊन एक खरे संभाषण मुद्रित करावे. संमती कशी मागावी आणि ती नाकारली गेल्यास काय करावे, हाही अभ्यासाचाच भाग. मग त्यातल्या तीन मिनिटांचे शब्दांकन करावे: थांबे मोजून, एकमेकांवर पडलेले शब्द दाखवून, हसू आणि उसासे नोंदवून. काळजीपूर्वक केलेल्या शब्दांकनाला एका मिनिटासाठी एक तासही सहज लागतो. हे काम कंटाळवाणे आहे असे विद्यार्थी आरंभी म्हणतील. पण आपण समोरच्याला कुठे तोडले, तो कुठे काही सांगणार होता आणि थांबला, हे स्वतःच्याच आवाजात ऐकायला मिळण्याचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. त्यावर त्याने लिहावे, आणि परीक्षकांनी गुण द्यावेत ते त्याच्या उच्चारांना किंवा आत्मविश्वासाला नव्हे, तर मुद्रणातल्या पुराव्याच्या आधारे केलेल्या विधानांना. दुसऱ्या सत्रात त्याने आपल्या व्यवसायातले बोलणे घ्यावे, म्हणजे वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तपासणी, शिक्षक होणाऱ्याने वर्गातला प्रश्न आणि त्यानंतरची शांतता. हे सगळे दोन श्रेयांकांत बसणार नाही. अध्यापकाला प्रत्येक शब्दांकन मूळ मुद्रणाशी ताडून पाहावे लागेल, त्यामुळे एका तुकडीत वीसपेक्षा जास्त विद्यार्थी घेता येणार नाहीत, आणि त्या तासांची तरतूद वेळापत्रक आखतानाच करावी लागेल.